बसायला काय झालंय?

आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या सोसायटीत माझी मूळव्याध आता सर्वमान्य झाली आहे. मला ती नाही, हा तपशील कुणाला महत्त्वाचा वाटत नाही.

मला सकाळी वीस मिनिटं डोळे मिटून बसायचं होतं, बाकी काही नाही. नुसत्या सतरंजीवर मांडी घातली की माझे गुडघे हवेत राहतात, कंबर मागं ढासळते आणि श्वासाकडं द्यायचं लक्ष माकडहाडाकडं जातं. बुडाखाली चार-पाच इंचांचा उंचवटा असला की गुडघे टेकतात आणि पाठ आपसूक ताठ होते. झोपायची उशी घेऊन पाहिली, ती दबते. म्हणून गावात एका गादीवाल्याकडं गेले.

"गोल हवी. एवढी उंच. कापूस चांगला ठासून भरा."

त्यानं माझ्या हातातल्या मापाकडं बघितलं, मग माझ्याकडं. आवाज खाली आणला. "मधी भोक ठिऊया न्हवं?"

"भोक कशाला?"

"बसाय बरं पडतंय, ताई. लई जण नेत्यात."

तिथं गाद्यांच्या चळतीवर टोपीवाले एक आजोबा पाय सोडून बसले होते. मागं पिंजायचं मशीन खडखडत होतं, त्यामुळं त्यांनी आपलं म्हणणं रस्त्यापर्यंत पोचेल अशा बेतानं मांडलं.

"लाजायचं न्हाई, बाई! माझ्या थोरल्या भावाला हुती!"

"आजोबा, मला काही झालेलं नाही. ध्यानाला बसायचंय."

"कशाला?"

"ध्यानाला!"

"त्ये झालं. पर बसाय काय झालंय?"

आता इथं गप्प बसायला हवं होतं खरं, पण समोरचा माणूस ठाम असला की मला ग्रंथ आठवतात. म्हटलं, अहो, गीतेतच सांगितलंय, सहाव्या अध्यायात. आसन फार उंच नको, फार खाली नको. दर्भ, त्यावर मृगाजिन, त्यावर वस्त्र.

"मृगाजिन म्हंजे?" गादीवाला.

"हरणाचं कातडं."

त्याचा चेहरा पडला. "त्ये आमी न्हाई ठेवत, ताई. फॉरेस्टवाले धरत्यात. फोम दिऊ का?"

आजोबा मात्र विचारात पडले होते. "किस्नानं अर्जुनाला सांगितलं न्हवं ह्ये? मग बरोबर हाय. त्याला बी असंल. रथाचं काम गरमच पडतंय." मग पथ्य. तिखट बंद. रोज ताक. आणि सुरण, पण तुपात परतलेला, तेलात नव्हे. थोरल्या भावाला तेलातला दिला तर काय झालं, हे त्यांनी हातवारे करून सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही.

भिशीतल्या एक वहिनी तेवढ्यात खोळी न्यायला आल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. माझ्या दंडावर हात ठेवून फक्त दाबला. तिथंच माझा निकाल लागला.

उशी आली, बिनभोकाची. जागेचं काय? 2019च्या महापुरात गावभागातल्या चुलत सासऱ्यांचं सामान आमच्याकडं आलं. पाणी ओसरलं, माणसं परत गेली, ट्रंका राहिल्या. 'पुन्हा आलं तर?' या एका प्रश्नावर त्या आमच्या मागच्या खोलीत ठाण मांडून आहेत. शेजारी इन्व्हर्टर, तांदळाचं पोतं. माउलींनी सहाव्या अध्यायात योग्याच्या जागेचं असं वर्णन केलंय की रंगेल माणसालाही वाटावं, राज्य गेलं खड्ड्यात, इथंच बसून राहू. आमच्या मागच्या खोलीत गेलेला माणूस तांदूळ घेऊन बाहेर येतो.

संकल्पाबाबत मात्र मी तयार आहे. 'मन शांत होवो' असल्या मोठ्या बाता नकोत. ठरल्या वेळी ठरल्या जागी बसेन, श्वास बघेन, मन भरकटलं की न चिडता परत आणेन, एवढंच. पूजेच्या संकल्पात गुरुजी कसा हातावर पाणी घालून आधी पूर्ण पत्ता सांगतात, 'गोदावर्याः दक्षिणे तीरे'. आम्ही राहतो कृष्णेच्या काठी. गोदावरीच्या दक्षिणेला आहोत हे खरं, पण तसं चेन्नईसुद्धा आहे. माझा पत्ता नेमका आहे: इन्व्हर्टरच्या उत्तरेला, ट्रंकांच्या पूर्वेला. तरी तिथंही माणसं मला बरोबर शोधून काढतात. डोळे मिटले की 'झोपलीस का गं?' उघडले की 'मग उठ की, पाणी आलंय.'

यजमान रोज तासभर पेपर घेऊन झोपाळ्यावर असतात. क्रीडा पान झालं की छोट्या जाहिराती, त्या झाल्या की निधनवार्ता. त्यांना बसायला काय झालंय, असं आजवर कुणी विचारलेलं नाही. त्यांच्या बुडाखालची गादी मीच शिवून घेतली आहे, तेव्हाही गादीवाल्यानं भोकाचा विषय काढला नव्हता. बाई कामाशिवाय बसली म्हणजे आजारी असणार, नाहीतर रुसलेली. यांना सांगितलं तर म्हणाले, "तू मनाला लावून घेतेस. ध्यान कर."

काल संध्याकाळी त्या भिशीतल्या वहिनी आल्या. हातात स्टीलचा डबा. तुपात परतलेला सुरण, घसा खवखवू नये म्हणून आमसूल घातलेलं. म्हणजे आजोबांचं सगळं ऐकलं होतं तर. "कुणाला बोलले नाही हं मी," असं त्या दारातच, जिन्यातल्या दोघींसमोर म्हणाल्या.

सुरण झकास होता, तो भाग वेगळा. पण आता डबा परत द्यायचा, आणि तो रिकामा देता येत नाही. उद्या सकाळी हातात वीस मिनिटं आहेत. तेवढ्यात लाडू काही होत नाहीत. शिरा होतो.