कोथिंबिरीची जुडी आणि हँडलिंग फी

पिशवी घेऊन मंडईत जाणं हा आमच्या घरात आता कमीपणा समजतात. कोथिंबीर संपली? काढा मोबाइल! जुडी पंधरा-वीस रुपयांची. तिच्यावर डिलिव्हरी चार्ज, हँडलिंग फी, ऑर्डर छोटी म्हणून वेगळा दंड, आणि पाऊस असेल तर पावसाचेही पैसे. मग 'डिलिव्हरी फुकट हवी ना, अजून काहीतरी घ्या' म्हणून कुणालाही नको असलेले चिप्स आणि दोन साबण. वा रे बचत!

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'डार्क पॅटर्न'चे, म्हणजे ऑनलाइन गिऱ्हाईकाला गंडवायच्या क्लृप्त्यांचे, १३ प्रकार नावानिशी ठरवून त्यांना मनाई केली. शेवटच्या पायरीवर किंमत फुगवणं, खोटी घाई लावणं, टोपलीत गुपचूप वस्तू सरकवणं, सगळं त्यात आहे. पण वाचतंय कोण? बटण दाबायची घाई!

आणि कोपऱ्यावरचा वाणी? त्याची आठवण सुटे हवे असले, उधारी हवी असली की येते. (दूध नासलं की रात्री साडेदहालाही.)

सगळ्यात डोकं फिरतं ते लक्ष्मी रोडवर. सेल्समनला वीस शर्टांच्या घड्या मोडायला लावायच्या, चार घालून आरशात मिरवायचं, माप पक्कं करायचं आणि त्याच्यासमोरच मोबाइलवर भाव बघून 'नंतर येतो' म्हणायचं. वर घरी येऊन हळहळ, 'जुनी दुकानं बंद पडतायत हो!' अहो, पडणारच ना!