पसंती मिळवायचीय ना? मग खरं बोलू नका

लग्न जमवायचंय? आधी बायोडाट्यातली उंची दोन इंच वाढवा. संकोच वाटत असेल तर 2008 साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकन अभ्यास बघा. डेटिंग साइटवरच्या 80 जणांना बोलावून संशोधकांनी त्यांना टेप लावली, वजनकाट्यावर उभं केलं, वय तपासलं. दहांतल्या आठांनी काही ना काही थाप मारलेलीच. पुरुषांची उंचीत, बायकांची वजनात. पण बेताबेतानं, समोरासमोर भेटल्यावर पितळ उघडं पडू नये इतपतच. तुम्ही एवढे कंजूष होऊ नका.

पोह्यांची बशी पुढ्यात आली की मुलगी विचारेल, "लग्नानंतर नोकरी केलेली चालेल ना?" म्हणा, "चालेल काय, धावेल!" आणि आईकडे मुळीच बघू नका, माउलीला अभिनय येत नाही. मुलीनंही मागं राहू नये. त्यानं ट्रेकिंग म्हणताच "अय्या, मलाही!" म्हणून मोकळं व्हावं. राजगड काय, साखरपुड्यानंतर बघता येईल.

कुणी सांगेल, चुका लपवू नका, चुकणारा माणूस जवळचा वाटतो. खरंय. मानसशास्त्रज्ञ इलियट आरॉन्सन यांच्या 1966 च्या प्रयोगात प्रश्नमंजूषेत चमकलेल्या हुशार गड्यानं अंगावर कॉफी सांडली, तर तो ऐकणाऱ्यांना जास्तच आवडला. लगेच चहा सांडायचा सराव सुरू करू नका. त्याच प्रयोगात सुमार गड्यानंही कॉफी सांडली होती, तो होता त्याहून नावडता झाला. आपण कोणत्या गटात बसतो, हे बायकोच्या माहेरी विचारू नये.

मनातलं बोलणं तर टाळाच. मानसशास्त्रज्ञ आर्थर एरॉन यांनी अनोळखी माणसांच्या जोड्या बसवून त्यांना टप्प्याटप्प्यानं अधिक खाजगी होत जाणारे प्रश्न एकमेकांना विचारायला लावले, तर पाऊण तासात ती माणसं जवळ आली. पाऊण तासात! आपल्याकडे पंचवीस वर्षांचे संसार "काय झालं?", "काही नाही" यावर सुखानं चाललेत, तिथं ही जोखीम कशाला?

लग्नानंतर पहिल्यांदा दुधीची भाजी पानात पडेल. "मस्त झालीय" म्हणा. मग ती दर मंगळवारी होईल. तिलाही दुधी आवडत नाही, केवळ तुम्हाला आवडतो म्हणून ती करते, हे दहा वर्षांनी मेहुण्याकडून कळेल. कळलं तरी गप्प बसा आणि अजून थोडी वाढून घ्या.