म्हणे साचा तोच आहे!

सकाळपासून डोकं फिरलंय. वर्सोव्याला बोटी शाकारून ठेवल्यात, ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. चुलतभाऊ म्हणाला, जरा खालून बघ. वाकून बघतो तर तळाला कांजिण्या उठल्यासारखे फोड. एक खिळ्यानं फोडला, चिकट पाणी आलं आणि वास व्हिनेगरसारखा आंबट. बोटीचं वय? दोन हंगाम!

ही बोट ज्या कारखान्यातली, त्याच कारखान्यातून बाबांनी २००३ साली आमची पहिली फायबरची बोट घेतली होती. इंजिनाच्या पाण्याच्या पाइपासाठी तळाला भोक पाडलं, त्यातून निघालेली चकती कारखान्याच्या जुन्या शेठनी माझ्या हातावर ठेवली. "मोज थर." मी नखानं मोजले. मॅट म्हणजे काचतंतूंची चटई, रोव्हिंग म्हणजे काचतंतूंचं विणलेलं जाड कापड. मॅट, रोव्हिंग, मॅट, रोव्हिंग, मॅट... सहावा मोजताना नख दुखलं. ती चकती अजून घरात आहे, आई तिच्यावर चहाचा कप ठेवते.

शेठ गेले. पोरांना धंदा नको होता, विकून मोकळे झाले. नव्या मालकानं पाटी ठेवली, साचे ठेवले, फक्त जुने कारागीर काढले. आता काम उक्त्यावर. उक्त्यावरचा माणूस मॅटमधली हवा काढायला रोलर फिरवत बसेल होय? लवकर सुटावं म्हणून रेझिन, म्हणजे काच चिकटवणारा चिकट द्रव, घट्ट करणारा हार्डनर अंदाजानं ओतायचा, भर पावसाच्या दमट हवेत थरावर थर चढवायचे. वरून जेलकोट, म्हणजे बाहेरचा रंगीत थर, असा चकचकीत की भांग पाडून घ्यावा. शेठ पाऊस लागला की साच्यावर ताडपत्री टाकून घरी जायचे. गिऱ्हाईक शिव्या घालायचं. घालू दे.

हो, रेझिनचे भाव चढलेत. जुनी बोट जड होती, डिझेल जास्त प्यायची, तेही खरं. म्हणून काय तळ पातळ करायचा?

भावानं गेल्या वर्षी या बोटीच्या तळाला भोक पाडून फिश फाइंडर, म्हणजे मासे शोधायचं यंत्र, बसवला तेव्हा निघालेली चकती आज डब्यातून शोधून काढली. आईच्या चकतीशेजारी ठेवली. तीन थर. कडेला काच पांढरी, कोरडी, रेझिन पोचलेलंच नाही. हे गेल्याच वर्षी बघायला हवं होतं, मीही नाही बघितलं.

मालकाला फोन केला तर म्हणतो, "साचा तोच आहे साहेब." अरे, इडलीपात्र तेच असलं म्हणून पीठ आंबतं का?

तिथल्या पोरांवर मात्र राग धरवत नाही. बिनमास्कची त्या वासात उभी असतात, डोळे लाल. त्यांना कुणी चकती हातात देऊन थर मोजायला लावलेच नसतील.

असो. आता फोड घासायचे, गोड्या पाण्यानं धुवायचे, तळ पुरता वाळू द्यायचा, मगच एपॉक्सीचा, म्हणजे पाणी न शिरू देणाऱ्या रेझिनचा, लेप. या पावसात वाळवायचा कुठे? वर्सोवा-मढकडे कुणाची छपराची मोकळी जागा असेल तर मेसेज करा. पंखे आम्ही आणू.