श्रीगणेशालाच विघ्न

पन्नाशीनंतर पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेतली की घरचे आधी हसतात, मग विसरतात. मी पहिल्या दोन धड्यांपर्यंत शेर होतो. तिसऱ्यात सराव आला : मजकुराची फाइल उघडा आणि कोणता शब्द किती वेळा आला ते छापा. दहा ओळींचं काम. त्यांची इंग्रजी फाइल चालली, तेव्हा अंगात आलं. म्हटलं, आता आपली मराठी फाइल! हाताशी किराण्याची यादी होती. हिने सांगितलेली, मी नोटपॅडमध्ये टंकलेली. रिवाजाप्रमाणे सुरुवातीला ‘श्री’.

एंटर दाबलं आणि पडद्यावर तांबडं फुटलं. युनिकोडडीकोडएरर! पाचव्या जागेवरचा ‘०एक्स८डी’ हा बाइट (फाइलमधला एक आकडा) वाचता येत नाही म्हणे. पाचवी जागा, म्हणजे अजून ‘श्री’सुद्धा पुरतं वाचून झालेलं नाही. श्रीगणेशाच होईना.

गणपतीची मनोमन माफी मागून ‘श्री’ पुसलं. साखर दोन किलो सुखरूप पार पडली. पुढे ‘शेंगदाणे अर्धा किलो’. गाडी अर्ध्यावर अडली. बाइट तोच!

शेवटी लेकीला हाक मारली. तिने मोबाइलवरची नजर न काढता विचारलं, “बाबा, एन्कोडिंग दिलंस का?”

भानगड अशी होती. एन्कोडिंग म्हणजे कोणतं अक्षर कोणत्या बाइटांनी लिहायचं त्याचा तक्ता. माझी फाइल यूटीएफ-८ या तक्त्याने लिहिलेली, आणि त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. माझं इंग्रजी विंडोज मात्र फाइल पश्चिम युरोपच्या तक्त्याने वाचत होतं. त्या तक्त्यात २५६ पैकी ५ घरं रिकामी, आणि अक्षराचा पाय मोडायच्या आपल्या खुणेचा तिसरा बाइट नेमका त्यातल्याच एका घरात जाऊन पडतो. पाय श चा मोडो की र चा, ठेच मलाच. (ऱ्हस्व उकारही असाच, शेजारच्या दुसऱ्या रिकाम्या घरात पडतो. यादीत गूळ होता. शाळेत इतका मार खाऊन शिकलेला दीर्घ ऊ असा कामी आला.)

‘यूटीएफ-८’ लिहिलं, ‘श्री’ परत बसवलं, फाइल उघडली. आता स्वल्पविराम तेवढे झटकायचे होते. सरावाखाली सूचना होती : शब्द वेचायला ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ ही अक्षरं ओळखणारी खूण वापरा. वापरली. पण तिच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरंच नव्हेत. जिथे ती दिसतील तिथे शब्द तुटतो. साखरेचे ‘स’ आणि ‘खर’ झाले. तूरडाळीचे तीन तुकडे : ‘त’, ‘रड’, ‘ळ’.

“डाळीतून रड कुठून काढलीस?” ही मागे कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे.

रात्री साडेअकराला ‘स्प्लिट’ने शब्द सुटे केले, ‘स्ट्रिप’ने स्वल्पविराम खुडले आणि उत्तर आलं. मी ओरडलोच, “किलो, अकरा वेळा!”

“झोप आता,” आतून आवाज आला. “किलो मोजायला वाणी बसलाय.”