स्वस्तात इटली: सहा जणांसाठी मार्गदर्शन

इटलीला स्वस्तात जायचं ठरलं असेल तर पहिली गोष्ट, माणसं सहा घ्या. चौघं असली की निर्णय भराभर होतात आणि आठ असली की दोघं-तिघं गुपचूप वेगळी निघून मजा करून येतात. सहांत हे दोन्ही धोके टळतात. त्यात एक कांदा-लसूण न खाणारी असावी, एक दहाच्या आत डोळे न उघडणारा, एकीला प्रत्येक कमानीखाली फोटो हवा, आणि एक ‘माझं काही नाही, तुम्ही ठरवा’ म्हणून ठरलेल्या प्रत्येक गोष्टीवर उसासा टाकणारा. पाचवा हिशेबनीस. खर्च वाटून देणारं ॲप त्याच्याच फोनमध्ये असू द्या. सहावे तुम्ही. सगळ्यांना एकत्र ठेवणं हे तुमचं काम, त्यामुळे इटली बघायचा प्रश्न तुमच्यापुरता आधीच मिटला.

व्हिसाची फी 90 युरो, वर 30,000 युरोंचं कव्हर असलेला प्रवास विमा, वर बँकेची स्टेटमेंटं आणि कोणत्या रात्री कुठे झोपणार याचा पुरावा. एवढं भरून झालं की मनात ‘वसूल’ नावाची भावना जागी होते. तिला जपा. पुढचा सगळा प्रवास तीच घडवणार आहे.

वसुलीचा पहिला नियम असा की एका गावात दोन रात्री राहणं म्हणजे उधळपट्टी. आठ दिवसांत रोम, नेपल्स, पॉम्पेई, सिएना, फ्लॉरेन्स, पिसा, बोलोन्या आणि व्हेनिस बसवा. फोनवरच्या नकाशात ही सगळी एकमेकांना चिकटूनच असतात. बोलोन्याचं विद्यापीठ 1088 सालचं मानतात. तुमच्या हाती तिथे गाडी बदलण्यापुरती वीस मिनिटं आहेत. स्टेशनच्या दारात फोटो काढा, बोलोन्या झालं.

सामानाला सह्याद्रीत वापरलेली मोठी सॅक घ्या. तिच्यात थेपले, भडंग, मेतकूट, इन्स्टंट उपमा आणि केटल. आईने दिलेलं साजूक तूप मात्र नेता येत नाही, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. हे तिला विमानतळावर पोचल्यावरच सांगा. मग मगाबद्दल. इटलीत 1975 पासून घराच्या न्हाणीघरात बिडे, म्हणजे पाण्याने धुवायचं बसकं भांडं, असणं कायद्यानेच बंधनकारक आहे, म्हणजे पाण्याच्या बाबतीत हे लोक युरोपात आपले सर्वांत जवळचे नातेवाईक. पण तुम्ही आठ बंकांच्या डॉर्ममध्ये उतरणार आहात. मग घ्याच.

रोमला फ्यूमिचीनो विमानतळावर उतरलात की टर्मिनी या मुख्य स्टेशनला थेट जाणाऱ्या गाडीचं तिकीट 14 युरो दिसेल. युरोला लगेच शंभराने गुणा. माणशी चौदाशे! शेजारीच 8 युरोंची साधी गाडी उभी असते. ती टर्मिनीला जात नाही, हाच तिचा मोठा गुण. तिने तिबुर्तीना या दुसऱ्या स्टेशनला उतरा, सॅक पाठीवर घेऊन मेट्रो शोधा, दीड युरोचं तिकीट कोणी कुठून काढायचं यावर पाऊण तास चर्चा करा आणि टर्मिनीला पोचा. माणशी साडेचार युरो वाचले. दरम्यान एकीला चक्कर आल्यामुळे स्टेशनवर सहा सँडविच घ्यावी लागतील, पण ती ‘जेवण’ या सदरात जातात, ‘प्रवास’ या नव्हे.

पँथिऑन या प्राचीन रोमन देवळाला 2023 च्या जुलैपासून 5 युरोंचं तिकीट लागलं. त्याआधी फुकट होतं, हे हिशेबनीसाला कुठून तरी कळलेलं असतंच, आणि जे काल फुकट होतं त्याला आज पैसे मोजणं हा स्वाभिमानाचा प्रश्न आहे. आत काय, तर सम्राट हेड्रियनच्या काळातला 43 मीटर व्यासाचा घुमट. लोखंडाची एक सळई न घालता नुसत्या काँक्रीटचा एवढा मोठा घुमट जगात अजून दुसरा झालेला नाही. माथ्यावर उघडा गोल झरोका. ऊन आत येतं आणि दिवसभर भिंतीवरून फिरत राहतं, पाऊस आला तर तोही आत येतो आणि फरशीतल्या भोकांतून निघून जातो. पण हे बाहेरूनही समजून घेता येतं. त्यासाठी समोरच्या चौकातल्या कॅफेत ऐटीत बसा. इटलीत कॉफीचे दर दोन असतात, काउंटरवर उभ्याने पिण्याचा एक आणि टेबलाशी बसून पिण्याचा एक, आणि अशा चौकात दुसरा पहिल्याच्या कितीतरी पट असतो. बिल आलं की पँथिऑनचे सहा पंचे तीस युरो कसे वाचवले ते आठवा. बरं वाटेल.

पाण्याचंही तसंच. रोमच्या रस्त्यांवर ‘नासोनी’ नावाचे लोखंडी नळ अखंड वाहत असतात, पाणी गार आणि पिण्याजोगं. नळाच्या तोंडाशी बोट दाबून धरलं तर वरच्या भोकातून धार उडते आणि थेट तोंडात घेता येते. हे सगळं फुकट आहे, म्हणूनच संशय घ्या. ख्रिस्तपूर्व 19 मध्ये अग्रिप्पाने बांधलेल्या जलवाहिनीचं पाणी आजही त्रेवीच्या कारंज्यात पडतं, म्हणजे या गावाला पाण्याचा दोन हजार वर्षांचा सराव आहे. पण आपल्याला सीलबंद बाटली बरी. ती कोलोसियमच्या दारातल्या फेरीवाल्याकडून घ्या. तो बहुधा बांगलादेशी असतो आणि तुम्हाला बघताच हिंदीत ‘भाई’ म्हणतो. या एका हाकेवर तुम्ही सेल्फी स्टिकही घ्याल.

कोलोसियम आणि फोरम या प्राचीन रोमन चौकाचं तिकीट 18 युरो असलं तरी महिन्याच्या पहिल्या रविवारी ते फुकट असतं. सहलीची तारीख त्यावरच बेता. उन्हात रांगेत उभं राहून रोमन जनतेच्या सहनशक्तीचा थेट अनुभव मिळतो आणि रांग संपेपर्यंत आत जायची इच्छाही बरीचशी ओसरते. आत गेल्यावर मात्र किल्ली खिशातच राहू द्या. 2023 साली एका पर्यटकाने तिथल्या भिंतीवर किल्लीने स्वतःचं आणि प्रेयसीचं नाव कोरलं, तो शोधला गेला आणि प्रकरण 15,000 युरोंपर्यंत दंड आणि तुरुंग अशा कलमांपर्यंत पोचलं. सिंहगडावर बाण घुसवलेला बदाम कोरून बिनधास्त चहा-भजी खाणाऱ्यांना हे फार लागतं. अशा जाचक देशात प्रेम करायचं तरी कसं?

दंडाचा विषय निघालाच आहे तर थकल्यावर स्पॅनिश पायऱ्यांवर बसू नका. त्या बसण्यासाठीच केल्यासारख्या दिसतात, पण 2019 पासून बसायला बंदी आहे. फ्लॉरेन्समध्ये ठरावीक रस्त्यांच्या कडेला बसून खाणाऱ्यांसाठी 150 ते 500 युरोंच्या दंडाचा नियम निघाला होता. व्हेनिसच्या सान मार्को चौकात कबुतरांना दाणे टाकायलाही मनाई. दादरकरांनी यावर बोलायचं टाळावं. थोडक्यात, थेपले चालता चालता खायची सवय घरीच करून या.

जेवणाचा गोंधळ आपोआप होतो, तुम्ही कष्ट घेऊ नका. शाकाहारी मंडळी चीज भुरभुरलेला पास्ता निर्धास्त खातात. अस्सल पार्मेझान वासराच्या जठरातलं, दूध घट्ट करणारं रेनेट वापरल्याशिवाय होतच नाही, हे त्यांना शेवटचा घास गेल्यावर सांगणारा एक मित्र प्रत्येक गटात देवाने दिलेला असतोच. मग सगळे वळतात मारिनारा पिझ्झाकडे, जो बिनचीजचा, स्वस्त आणि उत्तम असतो. त्यात लसूण असतो. कांदा-लसूण न खाणारी तुमच्याकडे बघते, तुम्ही मेतकुटाकडे बघता. बिलात ‘कोपेर्तो’ दिसला तर भांडण काढा. ते टेबलाचे पैसे असतात, मेनूकार्डावर बारीक अक्षरात लिहिलेले असतात आणि भांडून कमी होत नाहीत.

आता गाड्या. वेगवान गाडीचं तिकीट महिना-दीड महिना आधी काढलं तर फार स्वस्त पडतं. तेव्हा ते अजिबात काढू नका. ‘आपण कशाला बांधून घ्यायचं?’ हे वाक्य सहाही जणांनी पाठ करावं. आयत्या वेळी तिचा भाव बघून हबका आणि साध्या गाडीत चढा. रोम ते फ्लॉरेन्स दीड तासाऐवजी साडेतीन-चार तास लागतात, पण खिडकीतून तोस्काना प्रांत दिसतो. सगळे झोपलेले असतात ही गोष्ट वेगळी. साध्या गाडीचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळ छापून घ्यावी लागते. ते यंत्र शोभेचं आहे असं समजा. तिकीट तपासनीस समजुतीचं इंग्रजी बोलत नाही, दंडाची पावती मात्र दोन्ही भाषांत देतो.

फ्लॉरेन्समध्ये मायकेलँजेलोचा अस्सल डेव्हिडचा पुतळा 1873 पासून अकादेमिया या संग्रहालयात आहे आणि चौकात उभा आहे तो त्याचा नक्कल केलेला भाऊ. भाऊ फुकट दिसतो. ‘फरक काय?’ असं एकाने म्हणावं, बाकीच्यांनी माना डोलवाव्यात. कॅथेड्रलच्या घुमटाच्या 463 पायऱ्यांचंही असंच. राजगड चढणारे आपण, आपल्याला कुणाला काय सिद्ध करायचंय? ब्रुनेलेस्कीने तो घुमट खालून लाकडी आधार न देता कसा उभारला हे व्हिडिओत छान समजावलेलं असतं, हॉस्टेलच्या वायफायवर बघा. पिसाला तर अर्धा तास पुष्कळ. 1990 ते 2001 मनोरा बंद ठेवून इंजिनिअरांनी पायाखालची माती हळूहळू काढली, तेव्हा कुठे तो अर्धा अंश सरळ झाला. तुम्ही फोटोत एका तळहाताने सावरता.

व्हेनिसला मुक्काम मेस्त्रेला, म्हणजे पुलापलीकडे जमिनीवरच्या स्वस्त भागात करा. व्हेनिसची संध्याकाळ, दिवसभराचे प्रवासी परतल्यावर गल्ल्या मोकळ्या होतात ती वेळ, तुम्ही पुलापलीकडच्या बसथांब्यावर काढाल. ग्रँड कॅनॉल ओलांडायला दोन युरोंत त्रागेत्तो नावाची होडी मिळते आणि ती गोंडोलाचीच बहीण असते. पण शेवटचा दिवस आहे, वसुली राहिलीय, तेव्हा खरा गोंडोला झालाच पाहिजे. ठरलेला दर दिवसा अर्ध्या तासाला 90 युरो. काठावर उभं राहून सगळे भागाकार करतील, सहा पंधरे नव्वद, आणि सहलीत पहिल्यांदाच एकमत होईल.

मग नावाडी पाच बोटं दाखवेल. गोंडोलात पाचच बसतात.

इथे तुम्ही पुढे व्हा. सगळ्यांना एकत्र ठेवण्याचं काम तुमचंच आहे. हसत म्हणा, ‘तुम्ही जा रे, मी पुलावरून व्हिडिओ घेतो.’ व्हिडिओ चांगला घ्या, पाचही चेहरे दिसले पाहिजेत. रात्री ॲपवर नोटिफिकेशन येईल: गोंडोला, 15 युरो. विचारलंत तर हिशेबनीस शांतपणे सांगेल की व्हिडिओ ग्रुपवर टाकलाय म्हणजे तो सहाही जणांचा झाला.