मिस्सा तशीच राहू द्या, क्रुसाजवळ पुन्हा जमूया

वसईतल्या आमच्या ख्रिस्ती ग्रुपांवर सध्या एक वाद जोरात चाललाय. तरुण मुलं रविवारी चर्चमध्ये येण्याऐवजी कुणाच्या तरी फ्लॅटमधल्या प्रार्थनासभेला जातात. एका बाजूचं म्हणणं, त्यांना परत आणायचं तर मिस्सा (फादर वेदीवर करतात ती चर्चमधली उपासना) बदला, ड्रम-गिटार आणा, लोकांना उठून आपल्या अनुभवाची साक्ष देऊ द्या, फादरांच्या अंगावर झगे नकोत, ठरलेल्या प्रार्थना नकोत. दुसरी बाजू म्हणते, गेले ते भरकटले, त्यांच्या घरी पाऊल टाकू नका. मला या दोन्ही गोष्टी पटत नाहीत. कमेंटमध्ये मावणारं नाही म्हणून इथे सविस्तर लिहिते.

माझं माहेर वेंगुर्ल्याकडचं, सासर वसईचं. कोकण किनाऱ्याच्या दोन्ही टोकांची चर्चेस मी आतून पाहिली आहेत, सिंधुदुर्ग पुणे धर्मप्रांतात, म्हणजे पुण्याच्या बिशपांच्या अखत्यारीत, होता तेव्हापासून. (तिकडचा वेगळा धर्मप्रांत 2005 मध्ये झाला, वसईचा 1998 मध्ये.) माझं म्हणणं एवढंच आहे: मिस्सेला हात लावू नका, घरातल्या सभेला नावं ठेवू नका. आपण खरं गमावलंय ते या दोघांच्या मधलं. वाडीतलं, क्रुसाजवळचं, फादरांशिवाय होणारं जमणं. ते परत आणलं तर निम्मा वाद आपोआप मिटेल.

मिस्सेबद्दल आधी. "तेच तेच शब्द असतात" ही तक्रार मी मुलांकडून नेहमी ऐकते. मला तर त्यातच तिचं मोठेपण वाटतं. सासरे गेले त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या मनातून प्रार्थनेचा एक शब्द उमटत नव्हता. देवाशी बोलावं असं काही आतून येतच नव्हतं. चर्चमध्ये जाऊन उभी राहायचे. बाजूच्या बाईंच्या आवाजाबरोबर माझेही ओठ हलायचे आणि तेवढंच पुरायचं. तिथे कुणी मला "तुला आज काय वाटतंय?" असं विचारलं नाही, डोळे मिटून हात वर करायला सांगितलं नाही. ज्याच्या मनात काही उरलेलं नाही, त्यालाही मिस्सेत जागा असते. ज्या सभेत प्रत्येकानं भरून येऊन बोलायचं असतं, तिथे असा माणूस उघडा पडतो.

दुसरी गोष्ट वाचनांची. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात बांधलेली आहेत. फादरांना आवडो न आवडो, त्या दिवशी जे वाचन आलं त्यावरच बोलावं लागतं. श्रीमंतापेक्षा उंटाला सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं, असं सांगणारा श्रीमंत तरुणाचा उतारा आला की सगळ्या गावाला, जमिनी विकून गाड्या घेतलेल्यांनासुद्धा, तो ऐकावा लागतो. मी बसले होते त्या घरगुती सभांमध्ये मात्र तीच तीच आठ-दहा वचनं फिरून यायची. आशीर्वादाची, आरोग्याची, भरभराटीची. निवडणारा एकच माणूस असला की असं होणारच.

तरीही त्या सभांना मी मनापासून मान देते, आणि का ते सांगते. नालासोपाऱ्यात एका मैत्रिणीच्या आग्रहावरून गेले होते. जिन्यात चपलांचा ढीग, शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या खुर्च्या, आतल्या खोलीत पलंगावर कुणाचं तरी बाळ झोपलेलं. गाणी झाली, वाचन झालं, आणि मग एक बाई बोलायला लागली. नवऱ्याचं पिणं, घरभाडं थकलेलं, मुलीची फी राहिलेली. मी तिला ओळखत होते. आमच्याच चर्चमध्ये कित्येक वर्षं डाव्या बाजूच्या खांबापाशी बसायची. मी तिला "येशूची स्तुती असो" म्हणत आले, पण तिच्या घरात काय चाललंय हे मला त्या दिवशी कळलं. सभा संपल्यावर दोघी जणी तिच्याबरोबर घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी तांदूळ पोचले, फीचं काय करायचं ते एका काकांनी अंगावर घेतलं. हे सगळं आपल्या धर्मग्रामात, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीत, का झालं नाही, याचं उत्तर "त्यांना बायबल कळत नाही" हे नव्हे.

पहिल्या ख्रिस्ती लोकांचा दाखला दोन्ही बाजू देतात, पण आपापल्या सोयीचा अर्धाच वाचतात. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत दुसऱ्या अध्यायात ते रोज यरुशलेमच्या मंदिरातही जमत आणि घरोघरी भाकरही मोडत, असं एकाच वाक्यात लिहिलंय. प्रेषित पौल आपल्या पत्रांत प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरातल्या मंडळीला, नुंफाच्या घरातल्या मंडळीला, फिलेमोनाच्या घरातल्या मंडळीला सलाम पाठवतो. सिरियात युफ्रेटिस नदीकाठी दुरा-युरोपोस इथे उत्खननात एक घर सापडलं, तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात प्रार्थनेसाठी फेरफार केलेलं, बाप्तिस्म्याच्या कुंडासकट. म्हणजे घर हीच आपली जुनी जागा, यात वाद नाही. पण त्याच पौलानं करिंथच्या मंडळीला झापलंय तेही घरात जमणाऱ्यांनाच. आधी आलेले पोटभर खातात-पितात आणि मागून आलेले उपाशी राहतात, म्हणून. घर आहे म्हणून प्रेम आपोआप येत नाही. वेदी आहे म्हणूनही येत नाही.

आता जी गोष्ट मला खरोखर टोचते ती लिहिते. आमच्या ओळखीतल्या एका ताईंना साखर होती. त्या जात होत्या त्या सभेच्या प्रमुखानं सांगितलं, विश्वास असेल तर गोळ्या कशाला? त्यांनी गोळ्या सोडल्या. पायाची जखम चिघळली, दवाखान्यात ठेवावं लागलं, दोन बोटं गेली. त्यांच्या मुलानं जाब विचारायचं ठरवलं तर विचारायचं कुणाला, हेच कळेना. त्या माणसाच्या वर कुणी नव्हतं. पैसे कुठे जातात ते कुणाला माहीत नव्हतं. आमच्याकडे फादर चुकले तर बिशपांकडे जाता येतं, काही वर्षांनी त्यांची बदली होते, आणि चर्चच्या कायद्यानुसार प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असावीच लागते. या व्यवस्थेत खूप काही सडतं, हिशेब घाईघाईत वाचून गुंडाळले जातात, हे मी जाणते आणि त्याबद्दल सभेत बोललेही आहे. पण बोलायला जागा तरी आहे. घरातल्या सभेत जाणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: तुमचा प्रमुख कुणाला उत्तर देतो, हे त्याला विचारा. तो चिडला तर दुसऱ्या दिवसापासून जाऊ नका.

मग मधलं ते काय होतं?

माझ्या लहानपणी मे महिन्यात आमच्या वाडीच्या वळणावरच्या क्रुसाला चुना लावला जायचा. संध्याकाळी अबोलीचे वळेसार चढायचे. दिवेलागणीला सगळे जमायचे, आधी तेर्स, म्हणजे माळेची प्रार्थना, मग लदीन, म्हणजे संतांची नावं घेऊन गायची विनवणी. फादर नसायचेच. म्हणणारा होता आमच्या गावचा होड्या बांधणारा सुतार. त्याच्या हाताला कायम डिंकाचा वास, आवाज मात्र असा की खालच्या भाटापर्यंत, माडांच्या बागेपर्यंत, जायचा. एक जण व्हायोलिन वाजवायचा. तो लॅटिनमधून एकेक नाव घ्यायचा आणि आमच्या आज्या, ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, त्या सगळ्या एका सुरात "ओरा प्रो नोबिस" (आमच्यासाठी विनंती कर) म्हणायच्या. वारा आला की मेणबत्तीभोवती हातांचा आडोसा धरायला आम्हा पोरांत भांडणं. संपलं की उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे तुकडे कागदाच्या पुडीत, मोठ्या माणसांना थोडी दारू. आणि मग खरी सभा सुरू व्हायची. कुणाची होडी दुरुस्तीला आलीय, कुणाचा मुलगा मुंबईहून पैसे पाठवत नाही, कुणाच्या विहिरीचं पाणी आटलं, कुणाची सून माहेरी जाऊन बसलीय. रस्त्यानं जाणारे हिंदू शेजारी हात जोडून थांबायचे, चणे घ्यायचे. क्रूस रस्त्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. दार नाही, पडदा नाही. आजकाल घरातल्या प्रार्थनेकडे शेजारीपाजारी संशयानं बघतात, तेव्हा मला त्या उघड्यावरच्या जमण्याची फार आठवण येते.

वसईतही हेच होतं आणि काही वाड्यांत अजून आहे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, त्यांचे मठ गेले, किल्ल्यातली चर्चेस ओस पडली. तरी ख्रिस्ती समाज इथेच राहिला. दगडी चर्चेस पडल्यानंतरही जे टिकलं ते केवळ पाद्र्यांच्या जोरावर टिकलं, असं मला वाटत नाही. घरातल्या मूर्तीपुढे रोज संध्याकाळी बसणाऱ्या बायांचा त्यात मोठा वाटा असणार.

हे मोडलं कशानं? माझ्या समजुतीप्रमाणे त्याचं एक कारण चांगलं आहे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे 1960च्या दशकापर्यंत, मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची आणि लोक आपापली माळ ओढत बसायचे. परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली, वाचनं आपण करू लागलो, गायनमंडळं उभी राहिली. ती फार मोठी देणगी आहे. पण त्यासोबत आपण असं धरून चाललो की आता सगळं चर्चमध्येच होतंय, वाडीत वेगळं जमायची गरज काय? बाकीची कारणं सगळ्यांना दिसतात. टीव्ही आला. जमिनी विकल्या गेल्या, वाड्यांच्या जागी इमारती आल्या. मंगळूरहून, केरळातून, झारखंडहून ख्रिस्ती कुटुंबं राहायला आली. त्यांना वाडी नाही, क्रूस नाही, शेजारी ओळखीचा नाही. रविवारी चर्चमध्ये मागच्या रांगेत उभं राहायचं आणि घरी यायचं. अशा माणसाला कुणी घरी बोलावून नावानं हाक मारली तर तो जाणारच. 2020 मध्ये चर्चेस बंद झाली, मधे उघडून पुन्हा मिटली, ती 2021च्या ऑक्टोबरात नीट उघडली. तोवर अनेकांना मोबाइलवर मिस्सा बघायची सवय लागली होती, आणि ज्यांना माणसं हवी होती ती दुसरीकडे गेली होती.

कुणी म्हणेल, आपल्याकडे शेजारच्या घरांचे छोटे ख्रिस्ती समूह आहेत की. आहेत. मी आमच्या समूहात अनेक वर्षं काम करते. पण आपण त्याचं काय केलंय? हजेरी, सूचना, फेस्ताची (चर्चच्या सणाची) वर्गणी, कुणाच्या घरी पुढची सभा. दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेनं घडवलेली, मिळून बायबल वाचायची सात पायऱ्यांची पद्धत बहुतेकांना माहीत आहे. उतारा वाचायचा, आवडलेले शब्द पुन्हा म्हणायचे, शांत राहायचं, मग जे मनाला भिडलं ते सांगायचं. प्रवचन कुणी करायचं नाही. सहावी पायरी असते, आता आपण मिळून कोणतं काम करणार? आमच्याकडे ती पायरी नेहमी घाईत उरकली जाते, कारण तोपर्यंत चहा आलेला असतो. नालासोपाऱ्याच्या त्या फ्लॅटमध्ये लुम्कोचं नावही कुणी ऐकलं नसेल, पण तांदूळ पोचवणं ही सहावी पायरीच होती.

ज्यांना असं मोकळं जमणं बाहेरून आलेलं वाटतं त्यांनी रेव्हरंड टिळकांकडे बघावं. नारायण वामन टिळक आपल्या कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, ख्रिस्ती भजनं लिहिली, कीर्तनं केली. आणि 1917 मध्ये "देवाचा दरबार" सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसतील. दोन वर्षांत ते गेले, दरबार वाढला नाही. पण मराठी माणसानं मराठी बैठकीत, जमिनीवर बसून, टाळ घेऊन ख्रिस्ताचं नाव घ्यावं, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं. आपल्याला ड्रमसेट आणायची गरज नाही.

तर आमच्या वाडीपुरतं मी असं सुचवलंय. मिस्सेत एकही बदल मागायचा नाही. मे महिन्यात आठवड्यातून एक संध्याकाळ क्रुसाजवळ जमायचं. तेर्स, एक उतारा, थोडी शांतता, मग बोलणं. ज्याला बोलायचं नाही त्यानं बोलू नये, त्याला कुणी टोकू नये. म्हणणारा दर वेळी वेगळा, आणि त्यात बायका असाव्यात. पैसे गोळा करायचे नाहीत. कुणाला मदत लागली तर तिथल्या तिथे दोघांनी जबाबदारी घ्यायची. फादरांना कळवायचं, बोलवायचं, पण त्यांच्यावाचून अडायचं नाही. बाजूच्या इमारतीतल्या नव्या कुटुंबांना आमंत्रण द्यायला आपण जायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकून मोकळं व्हायचं नाही. आणि फ्लॅटमधल्या सभेला जाणाऱ्या मुलांनाही बोलवायचं, "परत या" असं न म्हणता.

मेनंतर पावसाळ्याचा प्रश्न आहे, क्रुसाजवळ उघड्यावर बसता येणार नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हाच कोळीवाड्यातली पुरुष मंडळी घरी सापडतात. एरवी बोटी कितीतरी दिवस समुद्रात, रविवारची मिस्सासुद्धा त्यांना मिळत नाही. म्हणून ते दोन महिने पडवीत बसायचं असा माझा विचार आहे, आणि त्यातल्या काही बैठका वसईतल्या पाचूबंदरच्या कोळीवाड्यात, त्यांच्या घरी. वार आणि वेळ मात्र आम्ही ठरवू नये. तिथल्या ताई-दादांनी सांगावं, कधी जमेल ते.