ताज उलटं बांधलेलं नाही : ओव्हरसियर साहेबांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलवरच्या लेखाखाली तुम्ही भलीमोठी प्रतिक्रिया लिहिलीत, आणि ती चांगलीच तिखट आहे. उत्तर लांबणार म्हणून स्वतंत्रच लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : लेख रूक्ष झालाय. मुंबईच्याच वॉटसन हॉटेलात, ताज बांधणाऱ्या जमशेदजी टाटांचा झालेला अपमान गाळलाय. नकाशा उलटा लागला, ताजचं तोंड समुद्राऐवजी शहराकडे झालं, म्हणून आर्किटेक्टनं जीव दिला, हे पोराटोरांना ठाऊक आहे, तेही गाळलंय. पहिल्या महायुद्धात ताजमध्ये सहाशे खाटांचं हॉस्पिटल होतं ही थाप आहे. ‘भारतातलं पहिलं बडं हॉटेल’ हे चूक आहे. आणि सोलापूरच्या ब्लॉगवर सोलापुरी टॉवेलचं नावसुद्धा नाही.

पाचवा मुद्दा आधी घेतो, कारण तिथं तुम्ही बरोबर आहात. कोलकात्याचं ग्रेट ईस्टर्न १८४०-४१ मध्ये ऑकलंड हॉटेल म्हणून सुरू झालं. वॉटसनसुद्धा १८७१ पासून चालू होतं. ताजचे दरवाजे उघडले १६ डिसेंबर १९०३ ला. ‘पहिलं’ हा शब्द लेखातून काढलाय.

आता उलट्या नकाशाबद्दल. तुम्ही बांधकाम खात्यात तीस वर्षं काढलीत म्हणता, म्हणून तुमच्याच भाषेत विचारतो. इमारतीची दिशा ठरते कधी? लाइनआउटच्या दिवशी. जमिनीवर खुंट्या ठोकायच्या, सुतळी ताणायची, फक्की मारायची म्हणजे चुन्याच्या पुडीनं रेघ आखायची, मगच कुदळ. ताजची इमारत घोड्याच्या नालेसारखी आहे : एक लांब बाजू बंदराकडे आणि तिच्या दोन्ही टोकांना शहराच्या बाजूला वळलेल्या दोन भुजा. असली आकृती उलटी पडली तर ती फक्कीतच दिसते, गवंड्यालाही दिसते. पायाचे चर खणले, जोतं वर आलं, मजल्यामागून मजले चढले आणि शेवटी घुमट बसल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, ही गोष्ट एखाद्या ओव्हरसियरनं मान्य करावी याचं नवल वाटलं. मालक मुंबईतच राहणारा. त्याला आपल्या इमारतीचं तोंड कुठं आहे ते पाच वर्षं कळलं नाही?

गोष्टीतला आर्किटेक्ट बहुतेक वेळा गोरा साहेब असतो. नकाशा देऊन विलायतेला गेला, परतला, बघितलं आणि उडी मारली. प्रत्यक्षात मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य इमारत पुरी होण्याआधीच वारले आणि राहिलेलं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरं केलं. आर्किटेक्ट मध्येच बदलला, एवढं खरं. दंतकथेला तेवढा धागा पुरला असावा.

मग तोंड शहराकडे का? तुम्ही लिहिलंय, ‘आमच्याकडं पश्चिमेला साधी खिडकी ठेवायची म्हटलं तरी गवंडी नको म्हणतो.’ सोलापुरात तो अगदी बरोबर सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, हवा कोरडी, दुपारनंतर पश्चिमेची भिंत तापते आणि रात्री दहापर्यंत उष्णता सोडत बसते. इथं पश्चिम बंद करायची, भिंत जाड ठेवायची, वारा दुपारी आत घ्यायचाच नाही. मुंबईचं गणित वेगळं. तिथं मे महिन्यातही पारा ३३-३४ च्या आसपास असतो, त्रास असतो तो घामाचा. घाम वाळायचा तर वारा हवा, आणि दिवसाचा खारा वारा येतो पश्चिमेच्या अरबी समुद्रावरून. ताजसमोरचं बंदर पूर्वेला आहे, हे विसरू नका. पश्चिमेला उघडी असलेली नाल तो वारा आत घेते, आणि लांब सरळ बाजू बंदराकडे ठेवली की समुद्र दिसणाऱ्या खोल्या जास्तीत जास्त निघतात. एअर कंडिशनिंग नसलेल्या काळात याहून शहाणा आराखडा काय असणार? घोडागाड्या शहरातून यायच्या, त्यामुळे दरवाजाही त्याच बाजूला. आता तिथं पोहण्याचा तलाव आहे.

आपल्याला ते उलटं वाटतं याचं कारण गेटवे. गेटवे ऑफ इंडियाची पायाभरणी ३१ मार्च १९१३ ची आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ चं. म्हणजे ताज सुरू झाल्यावर २१ वर्षांनी. गर्दी गेटवेपाशी, फोटो तिथूनच, येण्याजाण्याचा दरवाजाही पुढे बंदराच्या बाजूला आला, आणि जी बाजू मागची होती ती सगळ्यांच्या डोक्यात पुढची झाली.

जाता जाता जिन्याबद्दल, कारण तो लेखात दोन ओळींत उरकला होता. घुमटाखालचा तो अधांतरी जिना ठेकेदार खानसाहेब सोराबजी रतनजी यांच्या डोक्यातला. अशा जिन्याला बाहेरच्या बाजूनं खांब नसतो. पायरीचं एक टोक भिंतीत खोल घट्ट बसवलेलं, आणि प्रत्येक पायरी खालच्या पायरीवर थोडी टेकलेली. वजन पायरीतून पायरीत उतरत खालच्या फरशीपर्यंत जातं, आणि भिंत फक्त पायरीला पिळू देत नाही. म्हणून असल्या जिन्यात मधली एक पायरी काढून ‘नंतर बसवू’ म्हणायचं नसतं. वरच्या सगळ्या पायऱ्यांचा टेकू जातो. दुसरी ठरलेली चूक म्हणजे पाइप किंवा वायरिंगसाठी पायरीच्या मुळाशीच भिंतीत खाच मारणं. तडा लगेच दिसत नाही. आधी पायऱ्यांच्या सांध्यातला चुना भुगा होऊन गळायला लागतो. जुन्या वाड्याचं काम अजून बघत असाल तर ही खूण ध्यानात ठेवा.

वॉटसनची गोष्ट. जमशेदजींना ‘नेटिव्हांना प्रवेश नाही’ म्हणून दारातून परत पाठवलं आणि त्यांनी ईर्षेनं ताज बांधलं. त्या काळी भेदभाव होता, त्याबद्दल वादच नाही. पण हा ठरावीक प्रसंग मी लेखात घेतला नाही, कारण त्याला त्या काळातला लेखी आधार सापडत नाही. शिवाय त्यानं काही उलगडतही नाही. रागानं माणूस एक दिवस पेटतो. स्वतःच्या खिशातून कैक लाख घालून पाच-सहा वर्षं विलायती कारखान्यांचे कॅटलॉग चाळत बसत नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, शहराचं नाव बाहेर खराब झालं, आणि बोटीनं येणाऱ्या माणसाला नीट उतरायला जागा नव्हती. वॉटसन होतं, पण ती ओतीव लोखंडाची इमारत, सुटे भाग इंग्लंडात ओतून इथं आणून जोडलेले. ओतीव लोखंड दाब झकास सोसतं, पण ताण पडला की वाकत नाही, सरळ मोडतं. त्याला खाऱ्या हवेत बोल्टांचे सांधे गंजले की दुरुस्ती कठीण.

सोलापूरकरांनी जमशेदजींकडे बघावं ते गिरणीवाला म्हणून. १ जानेवारी १८७७ ला त्यांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून खात्यात ह्युमिडिफायर, आगीची भीती म्हणून स्प्रिंकलर. जुनी मिल बघितलेल्या घरातल्यांना हे सांगायला नको. त्याच डोक्यानं हॉटेल उभं केलं : स्वतःची वीज, लिफ्ट, बर्फ, धुलाई, सगळं आवारात. बाहेरून घुमट, आतून कारखाना.

आणि म्हणूनच हॉस्पिटलची गोष्ट थाप नाही. पहिल्या महायुद्धात ताजचं सहाशे खाटांचं लष्करी रुग्णालय झालं होतं. विचार करा, रुग्णालयाला अवघड काय असतं? खाटा मिळतात. अवघड असतं ते रोज शेकडो चादरी धुऊन वाळवणं, गरम पाणी वरच्या मजल्यावर चढवणं, रात्रभर दिवे, बर्फ, आणि एका वेळी शेकडो पानं वाढणारा भटारखाना. ताजमध्ये हे सगळं आधीच होतं. खोल्यांतलं सामान हलवलं की काम निम्मं झालं.

घुमटाचं पोलाद आयफेल टॉवरचं, असंही तुम्ही लिहिलंय. आयफेल टॉवर पोलादाचा नाहीच, घडीव लोखंडाचा आहे. पुढे काय बोलणार.

राहता राहिला टॉवेल. ‘ताजला सोलापुरी टॉवेल जातो’ असं मी लिहीन, पण बिल किंवा चलन बघितल्यावर. १९०३ ला तर प्रश्नच नव्हता, टेरी म्हणजे अंगावर सुताचे फास असलेला टॉवेल सोलापुरात रुजला तो फार नंतर. चादरीप्रमाणे टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, ते पुरे नाही का? मात्र बड्या हॉटेलला टॉवेल द्यायचा तर काय लागतं, हे सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या दोघा-तिघांनी विचारलं होतं, म्हणून इथंच लिहितो. आंघोळीचा टॉवेल ७० बाय १४० सेंटिमीटर, ५०० जीएसएम (चौरस मीटरला ५०० ग्रॅम) म्हणजे नगाला ४९० ग्रॅम. खोलीला दोन, आणि तीन संच : एक खोलीत, एक धुलाईत, एक कपाटात. शंभर खोल्यांना ६०० नग, २९४ किलो माल. माल परत येतो तो वजनावरून कमी आणि आटण्यावरून जास्त. टेरी पहिल्या काही धुण्यांत सहज पाच-सात टक्के आटतो, तेव्हा लांबी मागावरच वाढवून धरायची आणि माप धुतलेल्या नगाचं द्यायचं. दुसरी तक्रार ‘पाणी टिपत नाही’ ही. दहातल्या नऊ वेळा दोष सूताचा नसतो, मऊपणासाठी मारलेल्या सॉफ्टनरचा असतो. त्याचा थर फासांवर बसतो आणि पाणी वरून घसरतं. ओढलेला फास कात्रीनं कापायचा, हातानं ओढायचा नाही, नाहीतर त्याच ताण्यावरचे (उभ्या धाग्यावरचे) पुढचे फास एकामागून एक निघत जातात.

आणि नकाशाबद्दल अजूनही पटत नसेल तर रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडा, सकाळी सीएसएमटी. गेटवेपाशी फोटो काढून झाला की हॉटेलला वळसा घालून मागच्या मेरीवेदर रस्त्यावर जा. चारच्या सुमारास तिथं उभे राहा आणि वारा पाठीवर लागतो की तोंडावर ते कळवा. परतीची सिद्धेश्वर रात्री आहेच.